अकरा नंबरचा प्रश्न

किस्से साठतात ते वर्तमानपत्राच्या कात्रणांसारखे. कापताना वाटतं, कधीतरी उपयोगी पडेल. मग ते पलंगाखालच्या खोक्यात जातं, त्याच्यावर मुलीची आखूड झालेली झबली जातात, आणि दोन-चार वर्षांनी झबलं शोधायला गेलं की हाताला कात्रणच लागतं. मग मी तिथेच फरशीवर बसून वाचत राहते. तिकडे वरण उतू जातं ते वेगळंच!

परवा तेच झालं. मिनू आता पहिलीत जाते. तिच्या जुन्या वह्या टाकायला खोकं ओढलं, तर आमची फाइलच बाहेर आली. वर अशोकच्या अक्षरात लेबल : ‘चालू सामाजिक प्रश्न’. त्यातले निम्मे प्रश्न अजून चालूच आहेत, पण ते असो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही गिरगावातून मीरा रोडला, शांती नगरमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. मिनू सव्वा वर्षाची होती आणि मला समाजकार्याच्या कोर्सला जायची हुक्की आली. वर्गात सगळे बावीस-तेवीसचे, मी सत्तावीसची. त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून ‘वीणाताई’. फील्डवर्कच्या गटात आम्ही तिघं : मी, काशीगावला राहणारी वंदना, आणि अशोक. वंदनाचं घर मूळचं मराठवाड्यातलं, बौद्ध. घरात कॉलेजात गेलेली ती पहिली. तिला जे माहीत होतं ते पुस्तकात नव्हतं, आणि मला जे माहीत होतं ते फक्त पुस्तकातच होतं. अशोकला दोन्ही माहीत नव्हतं, पण त्याचं अक्षर चांगलं होतं! आमच्यावर देखरेख देसाई मॅडमची. हातात कायम लाल पेन.

मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही भाईंदरहून बस पकडून चौकला जायचो. चौक म्हणजे रस्त्यांचा नव्हे, उत्तनजवळचं मासेमारीचं गाव. तिथल्या बालवाडीत आमचं फील्डवर्क. तेवढा वेळ मिनू शेजारच्या शहाबेनकडे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्या सावलीत घडलंय. मिनू जेवायची नाही. वजनाच्या कार्डावर तिचा ठिपका कायम खालच्या रेघेला चिकटलेला. दिवाळीत सासूबाई आल्या, त्यांनी कार्ड चष्म्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, “होळीपर्यंत वजन वाढलं तर ठीक. नाहीतर वीणा, आधी मूल, मग समाज.”

मी मान डोलावली. निम्मी मी त्यांच्याच बाजूला होते ना!

* * *

कोर्सला पुस्तकं नव्हती असं नाही. होती, पण लायब्ररीत एकेकच प्रत, आणि ती कायम दुसऱ्या कुणाकडे. मॅडम म्हणायच्या, “वर्तमानपत्र वाचा. तेच तुमचं पाठ्यपुस्तक.” म्हणून आम्ही फाइल सुरू केली. तिघांत मिळून एक पेपर, आणि तो कापायचं काम माझ्या घरी.

आणि इथेच घोळ झाला. पेपरला दोन बाजू असतात हे आम्हाला कात्री लावल्यावर कळलं.

माझा विषय हुंडाबळी, अशोकचा विषय विस्थापित. एका बुधवारी नेमकी पुढच्या बाजूला माझी बातमी आणि तिच्याच पाठीवर त्याचं धरण! अशोक आधी आला, त्याने धरण कापून नेलं. मी दुसऱ्या दिवशी उरलेला कागद घेऊन वर्गात वाचायला उभी. “सासरच्या मंडळींनी तिला माहेरी पाठवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी तिचा भाऊ…” आणि पुढे चौकोनी भोक. भोकातून मला मॅडम दिसत होत्या.

“थांबलात का? पुढे काय झालं?”

“मॅडम, पुढे धरण आहे.”

* * *

केसवर्कसाठी एक जाडजूड अमेरिकन पुस्तक होतं. त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, असं करत ते आमच्यापर्यंत आलं तेव्हा ओळींचे शेपटीकडचे शब्द गेलेले होते. त्यातल्या बायका एकट्या राहायच्या, बर्फ पडायचा, आणि त्या समाजसेविकेकडे वेळ ठरवून यायच्या. पण एक वाक्य मला फार आवडलं होतं : क्लायंट गप्प असेल तर त्या शांततेचा आदर करावा.

चौकमध्ये माझी पहिली केस रोझीबाय. बालवाडीच्या शेजारीच घर, नातू बालवाडीत. पन्नाशीच्या आसपासची, खणखणीत बाई. मी गेले तेव्हा ती वाळत घातलेले बोंबील काढत होती. माझ्याकडे बघितलं आणि परत कामाला लागली. बोलली नाही. मी शांततेचा आदर केला. तिनेही केला. अर्धा तास आम्ही दोघी एकमेकींचा आदर करत होतो!

शेवटी ती हात धुऊन आली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “काय गो बाय, बरं न्हाय वाटत?” मग काळा चहा. मग घरी कोण कोण असतं, पोर केवढी आहे, नवरा किती वाजता येतो. मी सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं जरासं.

परतीच्या बसमध्ये मी रिपोर्ट वंदनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, “ताई, रिपोर्ट मस्तय. फक्त वरती क्लायंटच्या जागी तुमचं नाव टाका.”

* * *

आहाराची सभा घ्यायची होती. अशोकने कुठल्याशा ऑफिसातून ‘समतोल आहार’ असं मोठं रंगीत पोस्टर मिळवलं. गाय, दुधाचा ग्लास, पालेभाजी, अंडं, गाजर, सफरचंद. मी छडी घेऊन एकेक दाखवत होते. बायका मन लावून बघत होत्या, म्हणजे मला तसं वाटत होतं.

रोझीबाय उठून पोस्टरच्या अगदी जवळ आली. “हे काय?” गाजर. “नि हे?” सफरचंद. मग तिने कागद उलटा करून मागची बाजू पाहिली. मागे कोरं होतं.

“बाय, मासली कुठं हाय? समिंदर मावला न्हाय काय कागदावर?”

पुढच्या शुक्रवारी अशोकने स्केचपेनने एक बोंबील काढून आणला. तो लाल होता. बाकीची पेनं मिनूने टोपणं काढून सुकवली होती. बायका म्हणाल्या, गाजर झकास जमलंय!

पण त्या दिवशी सभा संपताना मागून कुणीतरी विचारलं, “तुजी पोर काय खाते गो?”

हातात छडी. समोर वीस बाया. मी म्हटलं, “सगळं खाते.”

रिपोर्टात मी लिहिलं : महिलांनी शंका विचारल्या व त्यांचे समाधान करण्यात आले.

* * *

आमच्याच हॉलमध्ये रोल-प्लेची तालीम चालली होती. अशोक दारुडा नवरा, वंदना मार खाणारी बायको, आणि मी मध्ये पडून परिस्थिती हाताळणारी समाजसेविका. अशोक आयुष्यात सरबताच्या पलीकडे गेलेला नाही, पण त्या दिवशी त्याच्या अंगात आलं. “जेवण का नाय केलं?” म्हणून त्याने असा आवाज काढला की मीच घाबरले. वंदनाने किंकाळी फोडली. आता माझी पाळी. मी आठवत उभी : आधी दोघांना वेगळं करायचं, की आधी विश्वास संपादन करायचा?

धाडकन दार उघडलं. शहाबेन! एका कडेवर मिनू, दुसऱ्या हातात वेलण, म्हणजे आपलं लाटणं.

“ए भाई, हाथ नीचे! औरत पे हाथ उठाता है? अभी सेक्रेटरी को बुलाती!”

अशोक सोफ्याच्या मागे. वंदना हसून हसून खाली. सगळं समजावून सांगितलं तरी शहाबेनचं वेलण खाली येईना. मग ती माझ्याकडे वळली. “और तुम बीच में खड़ी थी, तुम क्या कर रही थी?”

“मैं सोच रही थी बेन, किताब में क्या लिखा है.”

तिने मिनू माझ्याकडे दिली, वेलण कमरेला खोचलं आणि म्हणाली, “इतने में तो वो मर जाती.”

मॅडमनी पुढच्या तासाला हाच किस्सा सगळ्या वर्गाला सांगायला लावला. दोनदा.

* * *

डिसेंबरात सर्व्हे. छापील फॉर्म, प्रत्येक घराला एक, घरातल्या सगळ्या बायकांची माहिती. पाणी कुठून आणता, व्यसन कुणाला, घरात निर्णय कोण घेतं, असे प्रश्न. अकरा नंबरचा होता : शिक्षण सोडण्याचे कारण.

पहिली बाई म्हणाली, “धाकटी भावंडं सांबालायला.” मी पूर्ण वाक्य लिहिलं. दुसरीही तेच म्हणाली. तिसरी तेच. पुढच्या घरात तेच. मग मी काय केलं, पहिलं उत्तर लिहायचं आणि खाली ‘तेच’ची दोन टिंबं द्यायची. त्याखाली परत दोन टिंबं. एकत्र केलेल्या तक्त्यावर अकरा नंबरचा रकाना वरून खालपर्यंत नुसती टिंबं, मुंग्यांची रांग लागल्यासारखा!

वंदना तक्ता बघून एवढंच म्हणाली, “आमच्या आईचं पण टाका ह्यातच. अजून दोन टिंबं.”

मॅडमनी मात्र तो रकाना लाल पेनाने गोल केला. “ही टिंबं म्हणजे काय? वीस बायका म्हणजे एकच बाई आहे का? प्रत्येकीचं पूर्ण लिहा. टिंबं दिली की आपण ऐकणं बंद केलेलं असतं.”

मी अख्खा रविवार बसून लिहिलं. भावंडं सांभाळायला, भावंडं सांभाळायला. मिनू मांडीवर. तिला भरवायचा भात वाटीत गार झालेला.

* * *

बालवाडीत दुपारी बायकांसाठी साक्षरतेचा वर्ग चालायचा. पद्धत अशी, की आधी स्वतःचं नाव शिकवायचं. अंगठा सुटतो, उत्साह येतो. रोझीबायने पहिल्याच दिवशी पाटी खाली ठेवली.

“माजं नाव मना ठावं हाय. ते कशाला शिकू?”

“मग काय शिकायचंय तुम्हाला?”

तिने माझ्या पिशवीकडे बोट केलं. “तुमी आमच्या घरात येऊन काय लिवतांव, ते वाचायचंय मना.”

आम्ही तिघं हसलो. मग हसणं थांबलं, कारण पिशवीत तिचीच फाइल होती.

ती खरंच शिकली. कुणाला एवढ्या वेगाने अक्षरं गिळताना मी पाहिलं नाही. बोंबील वाळत घालताना अक्षर, जाळं शिवताना अक्षर. बाजाराला आली की दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची. जानेवारी संपता संपता एक दिवस ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, “काढ.”

मी फाइल काढली. न देऊन सांगते कुणाला! बोट ठेवत, अडत, तिने वाचलं : “रो-झी-बाय. वय अंदाजे पन्नास. स्वभाव… सं-श-यी.”

“संशयी म्हंजे?”

माझा चेहरा त्या बोंबलासारखा लाल. म्हटलं, “म्हणजे… कुणावर लगेच विश्वास न ठेवणारी.”

तिने त्या शब्दावरून परत एकदा बोट फिरवलं. मला वाटलं आता फाइल समुद्रात जाणार.

“ते बराबर लिवलंस,” ती म्हणाली. “पन वय चुकलंय. पंचेचालीस कर.”

* * *

आता शेवटचा.

फेब्रुवारीत मिनूला ताप आला आणि होता नव्हता तो ठिपकाही खाली घसरला. ताप गेला, पण होळी तोंडावर आली होती. सासूबाई मुक्कामाला आल्या. बोलल्या काहीच नाहीत, पण कार्ड फ्रिजवर अशा जागी ठेवलं की पाण्याची बाटली काढताना दिसेलच. यजमानांना विचारलं तर ते म्हणाले, “तू ठरव.” म्हणजे ते सुटले!

मी ठरवलं. मंगळवारी गेले नाही. शुक्रवारी गेले नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. वंदना आणि अशोकला सांगितलं, मॅडमना मी स्वतःच भेटून सांगीन. पण भेटायलाही जाईना.

बालवाडीत मीच एक नियम करून दिला होता : मूल दोन आठवडे आलं नाही, तर कुणीतरी घरी जाऊन बघायचं. शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात रोझीबाय. डोक्यावर टोपली, काखेत बालवाडीचं रजिस्टर.

“दोन हप्ते झालं,” ती म्हणाली. “म्हनून आलो.”

सासूबाईंनी पदर नाकाला लावला. “टोपली बाहेर राहू दे.”

“ऱ्हाऊ दे. मांजर न्हाय ना?” असं विचारून ती आत आली आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसली. रजिस्टरमधून आमचा कोरा सर्व्हेचा फॉर्म काढला. पेन काढलं. मला कळेना हसावं की पाणी आणावं.

“पानी कवा येतं?”

“एक दिवसाआड.”

“अरे देवा! आमची विहीर बरी.” लिहिलं. “व्यसन कोनाला?”

“माझा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही!” सासूबाई पलंगावरून कडाडल्या.

“बरं हाय.” लिहिलं. “घरात कोन ठरवतं?”

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी माझ्याकडे. रोझीबायने आळीपाळीने दोघींकडे बघितलं आणि कागदावर हात आडवा धरून काहीतरी लिहिलं.

मग अकरा नंबर. तिने तो बोट ठेवून अख्खा वाचला. “शि-क्ष-ण सो-ड-ण्या-चे का-र-ण. सांग.”

हा प्रश्न मी वीस बायकांना विचारला होता. समोरून आला तर केवढा लांब असतो! “मिनूला सांभाळायला,” मी म्हटलं.

लिहिलं. मग पेनाचं टोक सासूबाईंकडे. “आनि तुमचं?”

“माझं कशाला?”

“फारमात घरातल्या समद्या बाया घेतात. ही सांगते तसं.”

मला वाटलं आता सासूबाई उठून आत जाणार. त्या उठल्या नाहीत. मिनू त्यांच्या बांगड्यांशी खेळत होती, तिच्याकडे बघत म्हणाल्या, “सातवीतून काढलं. धाकटा भाऊ झाला, आई अंथरुणाला. कुणीतरी बघायला हवं होतं ना त्याला.”

“हुशार होतांव?”

“दुसरी यायचे वर्गात.”

“पयली कोन?”

“शिंद्यांची कमल,” सासूबाई म्हणाल्या. पटकन! काल निकाल लागल्यासारख्या.

“मग ती शिकली फुडं?”

“मला काय माहीत? मी घरी होते.”

या वेळी मी पुस्तकामुळे गप्प नव्हते.

मग रोझीबायने दाराबाहेरच्या टोपलीतून बालवाडीचा लटकता काटा आणला. मिनूच्या जुन्या पाळण्याच्या हुकाला अडकवला आणि तिला झोळीत बसवलं. मिनूला तो झोका वाटला, ती खिदळायला लागली. काटा थरथरला, हलला, स्थिर झाला. साडेआठ किलो. तापानंतर होतं तितकंच, सुताने जास्त नाही. सासूबाई चष्मा लावून अगदी जवळ आल्या, त्यांनीही वाचलं. होळीला चार दिवस होते.

रोझीबायने कार्डावर ठिपका दिला. फॉर्मची घडी रजिस्टरमध्ये घातली, टोपली डोक्यावर घेतली आणि गेली. चहासुद्धा घेतला नाही. होम व्हिजिटला गेल्यावर चहा घेऊ नये, हेही मीच शिकवलं होतं!

मंगळवारी सकाळी मी कणीक मळत होते. सासूबाईंनी मिनूला कडेवर घेतलं, माझ्यापुढची परात ओढली आणि म्हणाल्या, “भाईंदरची बस किती वाजता असते तुझी?”

बालवाडीत पोचले तर देसाई मॅडम टेबलाशी बसून रोझीबायचा फॉर्म वाचत होत्या. मी मागे जाऊन उभी राहिले. मोठी मोठी अक्षरं, ओळी वर चढत गेलेल्या :

‘मिनूची आय. पानी येक दिवसाआड. व्यसन न्हाय. पोर पलते, हसते, वजन हाय तेवढंच. आय लय घाबरते. घरात कोन ठरवतं : अजून ठरलं न्हाय. पुन्हा जाऊन बघने.’

आणि खाली अकरा नंबर. सुनेच्या पुढे लिहिलं होतं, ‘मूल सांबालायला’. सासूच्या पुढे दोन टिंबं.

मॅडमनी लाल पेनाचं टोपण काढलं. पेन त्या दोन टिंबांपाशी नेलं. बराच वेळ तिथेच धरलं.

मग टोपण परत लावलं.